ब्रेक कुणी बघितला होता?

“सर बाजूला! तुझा खांदा लागायचा न्हाई तिला!”

तिरडी उचलायची तेवढी राहिली होती. तीन दांड्यांना माणसं लागली होती, चौथा मोकळा होता, आणि त्या मोकळ्या दांड्याकडे पुढं झालेला थोरल्या लेकाचा हात हौसरावांनी साऱ्या भावकीदेखत असा झटकला की दत्ता भेलकांडत मागं गेला… आईच्या तिरडीपासून मागं! मांडवगण फराट्यातलं ते अंगण माणसांनी गच्च भरलेलं होतं, पण ‘अहो आबा, असं करू नका’ एवढं म्हणायला एकाचीही जीभ उचलली नाही. कशी उचलेल? धाकट्या भावाचा पाय ज्यानं घालवला, त्याची कड घेणार कोण!

पुढं मडकं धरून धाकटा सत्यजीत चालला होता. आईचं क्रियाकर्म धाकट्यानं करायचं, ही रीत. एक पाय स्वतःचा, एक कंपनीनं बनवलेला; दर पावलाला मडकं हिंदकळत होतं, पण त्यानं एकदाही वळून दादाकडे पाहिलं नाही.

दत्ता सगळ्यांच्या मागून, परक्या गावच्या पाहुण्यासारखा चालत राहिला. खांद्याचं दुःख नव्हतं त्याला. अपमान तर वर्षभर गिळून गिळून त्याच्या अंगवळणी पडला होता. काळीज कुरतडत होती ती वेगळीच गोष्ट… आई गेली ती काय मनात धरून गेली? माझ्या थोरल्यानं धाकट्याचं वाटोळं केलं, हेच ना! हेच उराशी धरून तिनं डोळे मिटले! आता ते कुणी, कुठं जाऊन पुसायचं? एक वाक्य… एकच वाक्य त्याच्या घशात वर्षभर अडकून होतं. ते बाहेर काढलं असतं तर आई त्याच्या तोंडावरून हात फिरवून गेली असती. पण त्या वाक्यानं बाप उभा जळाला असता, म्हणून त्यानं ते गिळलं. आणि आज त्याच बापानं त्याला तिरडीपासून हाकललं.

“अहो, तोंड तरी बघू द्यायचं हो त्यांना!” बायकांच्या घोळक्यातून त्याच्या बायकोचा, स्नेहलचा, हंबरडा ऐकू आला. तिलाही बाकीच्या बायकांनी धरून मागं ओढलं.

आता ते वाक्य काय, आणि ते घशात अडकलं कसं, हे सांगायचं तर दौंडच्या पलीकडच्या माळावर जायला हवं.

हौसरावांच्या घरात बैलगाड्याची शर्यत म्हणजे देवाच्या खालोखाल. जत्रेत घाटात बैल सुटले की पुढं एक घोडी पळते, आणि घोडीवर बसायला लागतं निधड्या छातीचं पोरगं. सत्यजीत मिसरूड फुटायच्या आधीपासून त्या घोडीवर बसायचा. मागं उधळलेले बैल, पुढं नाकासमोर चढत गेलेला घाट, आणि कानात वारं! थांबणं हा शब्दच त्या पोराला माहीत नव्हता. मोठा झाल्यावर त्याच्या डोक्यात मोटरसायकलची रेस शिरली, यात नवल ते काय?

खरं तर ती रेसची गाडी दत्ताची. वरवंडच्या गॅरेजात दुसऱ्यांच्या गाड्या करता करता, भंगारातून एकेक भाग जमवून त्यानं ती स्वतःसाठी उभी केली होती. बक्षिसंही आणली होती दोन-चार. पण एक दिवस जेवताना सत्यजीत म्हणाला, “दादा, ह्या वर्षी मी पळवू का?” आणि दत्तानं तोंड उघडायच्या आत हौसराव म्हणाले, “दे त्याला. तू आता संसाराचा माणूस. तुला कशापायी ही थेरं?” आईनं, सारजाबाईनं, थोरल्याच्या ताटात गुपचूप दोन चमचे तूप जास्त वाढलं, कारण तिला कळलं होतं… दत्ता हसला, तूप खाल्लं, आणि दुसऱ्या दिवशी गाडीच्या किल्लीबरोबर स्वतःचं हेल्मेटही धाकट्याच्या हातात दिलं.

तर दौंडच्या पलीकडे माळावर नवा डांबरी ट्रॅक झाला होता. तिथं शनिवार-रविवार अशी दोन दिवसांची रेस. शनिवारी सकाळी सत्यजीत ट्रॅकवर उतरला आणि पार उघडा पडला! सरळ रस्त्याला तो वाघासारखा सगळ्यांना मागं टाकायचा, आणि वळण आलं की तेच सगळे, पुण्याची गोरीगोमटी पोरं, एक पोरगीसुद्धा, त्याच्या आतल्या अंगानं सुळकन निघून जायची. दोनदा तर वळण सोडून खडीत शिरला. पिटात, म्हणजे ट्रॅककडेच्या गाड्या दुरुस्त करायच्या जागी, येऊन त्यानं हेल्मेट आपटलं.

“गाडीच बोगस हाय तुझी! पळतच न्हाई!”

“गाडी पळतीय रं,” दत्ता शांतपणे म्हणाला, “तुला थांबता येत न्हाई. ह्यो घाट न्हवं. घाटाला वळण नसतं, हितं नुसती वळणंच हायती.”

“मग काय बैलगाडीगत हळूहळू चालवू?”

“उशिरा दाब. पण दाबलास की मन घट्ट करून दाब. आन् वळणात शिरला की सोड. चल, दावतो.”

संध्याकाळी ट्रॅक मोकळा झाल्यावर दोघं भाऊ पायी सगळा ट्रॅक फिरले. प्रत्येक वळणाच्या अलीकडे, वळण किती मीटरवर आलं ते सांगणाऱ्या पाट्या होत्या. पहिल्या वळणाशी दत्तानं धाकट्याला शंभराच्या पाटीजवळ खांदे धरून उभं केलं. “बाकीची पोरं दोनशेच्या पाटीला दाबत्यात. तू हितं दाबायचा. माझा हात फिरलेला ब्रेक हाय, थांबवतो का न्हाई बघ. माझ्यावर इस्वास हाय ना?” सत्यजीत नुसता हसला. लहानपणी दादाच्या पाठुंगळी बसून विहिरीत उडी मारताना हसायचा, तसा.

आणि रविवारी सकाळच्या रेसमध्ये त्या पोरानं कमाल केली! शंभराच्या पाटीला ब्रेक, वळणात मोकळी गाडी, एकेक करून मागं टाकलेली पोरं… तिसरा आला! पिटात येऊन दादाच्या गळ्यात पडला. “दादा, मला कळलं! घोडीवर बसून मला नुसतं पळायचं कळलं व्हतं. थांबायचं आत्ता कळलं!” दत्ताच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आपण सोडलेली शर्यत धाकट्याच्या अंगातून पळताना पाहिली, त्याचं कृतार्थपण होतं ते.

दुपारच्या शेवटच्या रेसला घरची माणसं जीप करून आली. सारजाबाईनं भाकरी, ठेचा आणि दह्याचा डबा आणला होता. हौसराव फेटा बांधून, घाटात जातात त्याच थाटात. सरावाचा फेरा झाला, गाड्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या. गाव-खेड्यातला ट्रॅक तो; घरचे लोक अगदी गाडीपर्यंत जात होते. तेवढ्यात सत्यजीतच्या गाडीवरचं नंबराचं स्टिकर सुटलं म्हणून दत्ता चिकटपट्टी आणायला पिटात पळाला. परत येऊन पट्टी मारली, भावाच्या पाठीवर थाप मारली, आणि बाजूला झाला.

सुरुवातीचे लाल दिवे विझले. गाड्या सुटल्या. सत्यजीत सगळ्यांच्या पुढं! दोनशेची पाटी आली, बाकीच्यांनी ब्रेक दाबले. शंभराची आली… दत्तानं शिकवल्या जागी, बोटभरही इकडं-तिकडं नाही, सत्यजीतनं ब्रेक दाबला.

गाडी थांबलीच नाही.

खडी, टायरांची भिंत, आणि आपलंच हेल्मेट घातलेला, हवेत उडालेला भाऊ… दत्ताला एवढंच दिसलं. सारजाबाई “माझं लेकरू!” म्हणून धावत सुटली.

सगळे ॲम्ब्युलन्सच्या मागं गेले. मोडलेली गाडी ट्रॅकच्या पोरांनी ओढून पिटात आणून टाकली, तिच्याजवळ दत्ता एकटा. माझा ब्रेक! माझ्या हातचा ब्रेक! त्यानं पुढच्या चाकाला हात घातला. ब्रेकची जी पोलादी चकती, जिला तेल लागलं की ब्रेक धरतच नाही म्हणून आपण साधं बोटसुद्धा लावू देत नाही, ती तेलानं माखली होती. पिवळ्या तेलानं. वास घ्यायची गरज नव्हती. बारा गावच्या जत्रांत हा पिवळा रंग त्यानं पाहिला होता.

घाटात बैल जुंपायच्या आधी हौसराव तेलात भंडारा कालवायचे. एक बोट बैलांच्या कपाळी, आणि मग सारा पंजा गाडीच्या चाकाच्या धावेला, म्हणजे चाकावर चढवलेल्या लोखंडी पट्टीला. खंडोबाचा हात चाकाला लागला की चाक पडत नाही, ही त्यांची श्रद्धा. त्यांच्या बापाची, आज्याचीही. मोटरसायकलच्या चाकाला बाहेरून सगळं रबर. दत्ता चिकटपट्टी आणायला गेला तेवढ्यात म्हाताऱ्यानं चाकात लोखंड शोधलं, आणि एकच सापडलं… ती चकती! लेकराला जपावं म्हणून, देवाचं नाव घेऊन, बापानं आपल्या हातानं लेकराचा ब्रेक निकामी केला होता!

हे आबांना कळलं तर? तो हात ते तोडून टाकतील. विहीर जवळ करतील! त्यानं गळ्यातला पंचा काढला आणि पिसाटासारखी ती चकती पुसत सुटला. पुसली, पुन्हा पुसली. पंचा गुंडाळून तिथल्याच जळत्या कचऱ्यात टाकला.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. हौसराव भिंतीला टेकून बसले होते. दत्ताला पाहताच ताडकन उठले.

“ब्रेक कुणी बघितला व्हता?”

“…मी, आबा.”

“मग लागला का न्हाई?”

सारजाबाई तोंडात पदर कोंबून थोरल्याकडे बघत होती. नको रे, नाही म्हण… असं तिचे डोळे म्हणत होते. दत्तानं त्या डोळ्यांकडे पाहिलं, बापाच्या हाताकडे पाहिलं. बोटांच्या पेरांत पिवळेपण अजून होतं.

“माझ्याकडनं राहिलं, आबा. माझी चूक झाली.”

थप्पड अशी बसली की पलीकडची नर्स थबकली. “जळत व्हतास त्याच्यावर! गाडी दिली, पण मनातनं दिली न्हवतीस! आजपसनं माझ्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाई!” हौसराव ओरडले. आणि सारजाबाईनं, दोन चमचे तूप जास्त वाढणाऱ्या सारजाबाईनं, तोंड फिरवलं. ती थप्पड दत्ता केव्हाच विसरला. ते फिरवलेलं तोंड मात्र विसरू शकला नाही.

मग वरवंडची भाड्याची खोली. गॅरेजात गिऱ्हाईकं यायची आणि तोंडावर सांगायची, “बाकी सगळं तू कर, पर ब्रेकला हात लावू नको बाबा.” स्नेहलनं एकदाच विचारलं, “खरंच तुमच्याकडनं राहिलं होतं का हो?” तो “व्हय” म्हणाला. त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही, पण त्या दिवसापासून तिचंही बोलणं कमी झालं.

आणि आज सारजाबाईची तिरडी त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्या खांद्यावाचून निघून गेली.

दहाव्याला दत्ता पुन्हा आला. भीमेच्या काठी भावकी जमली होती. सत्यजीतचं मुंडण झालं होतं, चुलतभावांचीही डोकी झाली होती. दत्ता वस्तरा घेऊन बसलेल्या जालिंदरसमोर जाऊन उकिडवा बसला, तर जालिंदर खाली बघत पुटपुटला, “आबांनी न्हाई म्हणून सांगितलंय रं…” दत्ता उठला. आई मेलेल्या माणसाच्या डोक्यावर तसेच केस घेऊन, लांब बाभळीखाली जाऊन उभा राहिला.

पिंड ठेवले. माणसं मागं सरली. दत्ताचा जीव डोळ्यांत गोळा झाला. मनातल्या मनात तो कावळ्यांना हात जोडत होता… शिवू नका रे बाबांनो! एवढ्यात शिवू नका! थोडं तरी अडा! आईचा जीव माझ्यात कुठंतरी गुंतलाय एवढं तरी मला कळू दे!

कावळा आला तो सरळ पिंडावरच बसला. चोचीत भात घेतला, दुसऱ्यालाही बोलावलं.

“सुटली बिचारी!” भावकीतले बाळासो मोठ्यानं म्हणाले. “बघा की, लगीच शिवला! कशातच जीव गुतला न्हवता म्हातारीचा. काय मागं ठेवून गेली न्हाई.”

माणसं माना हलवू लागली. दत्ताला वाटलं, आतून कुणीतरी सगळं खरवडून काढलं. कशातच नाही… म्हणजे माझ्यातही नाही. तो वळला आणि मळ्याच्या वाटेनं चालू लागला.

“खोटं हाय!”

आवाज हौसरावांचा होता. म्हातारा उभा राहिला होता, फेटा नसलेलं डोकं, डोळे तांबारलेले.

“कावळा भुकेला व्हता! कावळ्याला काय कळतंय! ती… ती मरंस्तवर दत्ता, दत्ता करीत व्हती! ‘माझ्या दत्ताला आणा’ म्हणून माझं पाय धरलं तिनं… नवऱ्याचं न्हवं, मारेकऱ्याचं पाय धरल्यागत धरलं! आन् म्या आणलं न्हाई!”

“आबा, बसा, तुम्ही बसा,” बाळासो धरायला धावले. हौसरावांनी त्यांचा हात झिडकारला.

“माझ्या सत्याचा पाय म्या घालवला! ह्या हातानं! धाव म्हणून त्या चकतीला तेल-भंडारा लावला म्या! दत्तानं न्हाई!”

दत्ता धावत आला. “आबा, कुणी सांगितलं तुम्हाला हे? कुणी सांगितलं?” अजूनही त्याला बापाचीच काळजी!

हौसरावांनी मान वर केली. “कुणी सांगाया कशाला पायजे? तू पंच्यानं ती चकती पुसत व्हतास ना… तवा मी माघारी आलो व्हतो, मागंच उभा व्हतो.”

दत्ताला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

“समदं बघितलं म्या. तू माझ्यापायी पुसतुयास, हे बी कळलं. दवाखान्यात तुला इचारलं, तवा वाटलं तू सांगशील… तू न्हाई सांगितलंस. मग मला सोपं झालं रं. तू समोर आलास की माझा हात मला दिसायचा. म्हणून तुला घराभाईर काढला. तिरडीला हात लावू दिला असता, तर लोकांनी इचारलं असतं, आता चालतो तर जित्तेपणी का न्हाई आणला?”

ज्या बापाला जळू द्यायचं नाही म्हणून वर्षभर स्वतःला जाळलं, तो बाप सगळं जाणून शेकत बसला होता!

काठी टाकून, लंगडत, धडपडत सत्यजीत पुढं आला आणि दादाच्या पायाशी कोसळला. “माझं बी ऐक, दादा… ब्रेकचा दांडा घट्ट व्हता! ढिला न्हवता! तुझ्याकडनं काय राहिलं असतं तर ढिला लागला असता. मला तवाच ठाऊक व्हतं. मला वाटलं माझंच चुकलं, म्याच दाबाया उशीर केला… तुझ्यावर गेलं, तर मला बरं वाटलं रं! मी बोललो न्हाई! तू मला थांबायला शिकवलंस आन् म्या तुला असा मधेच सोडला!”

स्नेहल गर्दीतून पुढं येऊन नवऱ्याकडे बघत होती. “मला तरी सांगायचं होतं,” एवढंच ती म्हणाली, आणि मग हौसरावांकडे वळली. “मामंजी, यांना गिऱ्हाईक ब्रेकला हात लावू देत नव्हतं. तुम्ही वरवंडला बाजाराला यायचात, लांबून बघून जायचात. मला वाटायचं, माया आहे…”

सगळे दत्ताच्या तोंडाकडे पाहत होते. आता हा ओरडेल, म्हाताऱ्याच्या तोंडावर थुंकेल, नाहीतर पाया पडेल. दत्तानं यांतलं काहीच केलं नाही. तो बापाच्या अगदी जवळ गेला आणि लहान पोरासारखं हळूच विचारलं,

“आईला ठाऊक व्हतं?”

हौसराव हुंदका आवरत राहिले.

“आबा, एवढं सांगा. दुसरं मला काय नको. आई गेली तवा… तिला ठाऊक व्हतं?”

“व्हय,” म्हातारा म्हणाला. “आदल्या दिवशी. तिचा आवाज ऐकवंना म्हणून म्या तिला समदं सांगितलं. मला वाटलं गप हुईल. तिनं माझ्याकडं पाठ केली, ती मरंस्तवर. भिताडाकडं तोंड करून म्हणत व्हती, ‘मी माझ्या लेकराकडं बघितलं न्हाई, माझ्या गुणाच्या लेकराकडं बघितलं न्हाई…’ तुला बोलवायला जालिंदरला धाडती म्हणाली. म्या उद्या म्हणालो… आन् उद्या ती उरली न्हाई.”

दत्ताचा बांध तेव्हा फुटला. वर्षभर न रडलेला तो गडी वाळूत गुडघे टेकून असा रडला की बघणाऱ्यांनी तोंडं फिरवली. आईला ठाऊक होतं… आणि तरीही तिला आपलं तोंड दिसलं नाही! सुटल्याचं रडणं होतं की लुटल्याचं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

बऱ्याच वेळानं तो उठला. चेहरा पुसला. बापाकडे त्यानं पाहिलं नाही. तो सरळ जालिंदरसमोर जाऊन बसला.

जालिंदरनं विचारल्यासारखं हौसरावांकडे पाहिलं. म्हातारा धोतर सावरत नदीत उतरला, ओंजळ भरून घेऊन आला. निम्मं पाणी वाटेतच सांडलं. लेकाच्या मागं उभा राहून त्याचे हात तसेच थबकले… लावू का नको?

“ओता, आबा,” दत्ता म्हणाला, “केस कोरडं हायती. वस्तरा लागंल.”

हौसरावांनी ओंजळ रिकामी केली, आणि दुसरी आणायला ते पुन्हा पाण्याकडे गेले.